प्रस्थान

आमच्या आजीच्या हिशेबात प्रवास दोनदा सुरू व्हायचा. आजोबांना परगावी जायचं असलं आणि नेमका त्या दिवशी मुहूर्त नसला, की आधीच्या एखाद्या चांगल्या वेळेला ती रुमालात मूठभर तांदूळ, सुपारी, एक नाणं आणि आजोबांची काळी टोपी बांधायची आणि ते गाठोडं शेजारच्या काकूंच्या कोनाड्यात नेऊन ठेवायची. झालं, आजोबा निघाले. प्रत्यक्षात ते पंचवटीतल्या घराच्या ओट्यावर बसून पान जुळवत असायचे आणि गाडी दोन दिवसांनी पकडायचे. पण पंचांगाच्या लेखी त्यांची टोपी केव्हाच मार्गाला लागलेली असायची. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. एकदा काकूंच्या कोनाड्यात उंदरांनी त्या तांदळाचा फडशा पाडला होता. तेव्हा आजोबांना जाऊ द्यायचं की नाही यावर दोन घरांत बराच खल झाला म्हणे. शेवटी टोपी शाबूत आहे ना, या मुद्द्यावर ते गेले.

हे सगळं आठवलं ते आमच्या सहलीच्या भांडणात. आम्ही चौघं, शाळेपासूनचे. एक मास्तर, एक बँकेतले साहेब, एक दिंडोरीकडचा द्राक्ष बागाईतदार आणि मी. चार दिवस गाडीनं डोंगर हिंडायचा बेत होता: भंडारदरा, राजूर, कोतूळवरून ओतूर, माळशेज, जुन्नर, नाणेघाट आणि मग परत. तारखा बागाईतदारानं ठरवल्या, म्हणजे त्याच्या बागेनं ठरवल्या. ऑक्टोबर छाटणी लागली की त्याला स्वतःच्या लग्नालाही सुट्टी मिळाली नसती. त्यामुळे सप्टेंबरचा शेवट. त्याला कुणाची हरकत नव्हती. भांडण पेटलं ते पहिल्या मुक्कामावरून.

मी घोटीच्या पुढचं, जंगलातलं एक इको-रिसॉर्ट सुचवलं होतं. साहेबांनी मोबाइलवर अंतर काढलं आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. "अरे, दीड तास! दीड तासाच्या वाटेवर मुक्काम कोण करतं? पहाटे पाचला घरून निघू, साडेसहाला तिथं चहा घेऊ आणि पुढं सटकू. एक रात्रीचे पैसे वाचतील." हिशेब बिनतोड होता. बँकेतल्या माणसाचा हिशेब चुकत नाही, चुकतं ते बाकी सगळं.

मी म्हटलं, माउलींची पालखी आळंदीहून निघते, पहिला मुक्काम कुठं असतो? आळंदीतच. तुकोबांची देहूतून निघते, ती पहिल्या रात्री इनामदार वाड्यात असते, म्हणजे देहूतच. पंढरपूर एवढं लांब असताना ही माणसं पहिल्या दिवशी गावाच्या वेशीबाहेरही पडत नाहीत. शेकडो वर्षं चालणाऱ्यांना कळत नसेल का, पहाटे लवकर निघावं म्हणून? मास्तरांच्या घरी वारी आहे. ते एकदम माझ्या बाजूला आले. बागाईतदार म्हणाला, "मला काही बी चालंल भो, फक्त निघा." तीन विरुद्ध एक.

निघायचं ठरलं होतं चारला, मुंबई नाक्यावरून. निघालो पावणेसहाला. बागाईतदाराची बोलेरो आली तीच मागं द्राक्षाचे दोन क्रेट घेऊन. एकात कांदे, चिवडा, स्टोव्ह, चहाचं पातेलं. दुसऱ्यात ताडपत्री, टॉमी, जॅक आणि वीसेक हात दोर. "दोर कशाला रे?" "असू दे." या माणसाच्या गाडीला बारा महिने गंधकाचा वास येतो, सीटला, पट्ट्याला, काचेच्या रबरालासुद्धा. फवारणीचा माल याच गाडीतून जातो. साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि तो पाथर्डी फाट्यापर्यंत काढला नाही.

नाशिककरांना हा रस्ता इतका पाठ असतो, की त्याच्याकडं कुणी बघतच नाही. मुंबईला जाताना बघतो ते घड्याळ. त्या दिवशी घाई नव्हती म्हणून बघितलं. विल्होळीपर्यंत गोदामं, गॅरेज, कारखान्यांच्या पाट्या. वाडीवऱ्ह्यापासून मात्र जमीन बदलायला लागते. टोमॅटो, भाजीपाला मागं पडतो आणि एकेका वळणाला भाताची खाचरं जवळ येतात. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून पन्नास किलोमीटरही नसलेल्या इगतपुरीत तीन हजारांच्या वर. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकतात, वर चढताना गार होतात आणि बहुतेक सगळं ओझं तिथंच टाकून हलके होऊन आमच्याकडं येतात. आम्ही त्यांच्या उरल्यासुरल्यावर द्राक्षं पिकवतो. बागाईतदार म्हणाला, "बरंय, उरलेलंच येतं. सगळा आला तर मी गेलोच." त्याच्या धंद्यात पाऊस पाहुण्यासारखा, वेळेवर यावा आणि वेळेवर जावा.

घोटीत तांदळाच्या गिरण्या आहेत. गाडीतल्या गंधकाला पहिला पर्याय मिळाला तो तिथं, कोंड्याचा कोमट, धुळकट वास. पुलाखालून वळलो आणि महामार्गाचा आवाज पाठीमागं राहिला. मग डांबर अरुंद झालं, मग खड्डे, मग नुसतीच लाल माती. दिवेलागणीला फाटकाशी पोचलो.

इको-रिसॉर्ट हा शब्द मास्तरांनी त्यांच्या आईला समजावायचा प्रयत्न केला होता. मातीच्या भिंती, कौलं, शेणानं सारवलेली जमीन, बांबूची खाट, पाणी माठातलं, टीव्ही नाही, एसी नाही. म्हातारी म्हणाली होती, "मग त्याचे पैसे कुणाला द्यायचे? त्यांनी आपल्याला का आपण त्यांना?" व्यवस्थापक मुलगा अगदी उत्साहानं सारवणाचे फायदे सांगत होता, तेव्हा बागाईतदार गंभीर चेहऱ्यानं ऐकत होता. मुलगा गेल्यावर म्हणाला, "माझ्या आजीनं पन्नास वर्षं रिसॉर्ट चालवलं. बिचारीला पत्ताच नव्हता."

थट्टा सोडा, जागा मनापासून आवडली. झाडं तोडून खोल्या बांधल्या नव्हत्या, झाडांना वळसे घालून बांधल्या होत्या. एका पडवीच्या छपरातून ऐनाचं खोड सरळ वर गेलेलं. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली आणि ती जिथं छपराला भेटते तिथं गळू नये म्हणून कुणीतरी टायरची ट्यूब कापून गळपट्ट्यासारखी गुंडाळली होती. माहितीपत्रकात ही ट्यूब नव्हती. मला ती सगळ्यात जास्त इको वाटली.

तक्रार एकच. गरम पाणी सौरऊर्जेवर असं लिहिलं होतं आणि तीन दिवस सूर्याचा पत्ता नव्हता. हे विचारल्यावर तिथले काका काही न बोलता मागच्या बाजूला गेले आणि तांब्याचा बंब पेटवून आले. ओल्या लाकडांचा धूर अख्ख्या जंगलात पसरला. साहेब म्हणाले, "यात इको काय?" काका म्हणाले, "पाणी गरम हाये ना?" चौघांनी अंघोळी केल्या. मास्तरांनी त्यांचा लाल काठाचा पंचा बांबूच्या दांडीवर वाळत टाकला. त्या हवेत तो चार दिवसांतही वाळला नसता, पण सवय.

रेंज नव्हती. ती फक्त उंबराखाली येते असं कळल्यावर पन्नाशीची चार माणसं पहिला तासभर उंबराखाली हात वर करून उभी होती. दत्तगुरूंनाही एवढी एकनिष्ठ मंडळी मिळाली नसतील. साहेबांना एक महत्त्वाचा मेल पाठवायचा होता. तो गोल फिरत राहिला, फिरत राहिला आणि मग पावसाची सर आली. फोन खिशात गेले ते गेलेच.

जेवण मावशींनी केलं होतं. नागलीच्या भाकरी, करटोल्याची भाजी, खुरासणीची चटणी आणि भात. त्या भाताबद्दल थोडं बोललंच पाहिजे. शीत लहान, किंचित चिकट, आणि वाढायच्या आधीच पानाशी वास येऊन बसलेला. मी विचारलं, इंद्रायणी का? मावशी हसल्या. "इंद्रायनी समदीकडंच मिळती. ह्यो काळभात. माहेराहून आनलाय." त्यांचं माहेर डोंगरापलीकडं, अकोले तालुक्यात. काळभाताचं उत्पन्न कमी, म्हणून संकरित बियाणं आलं तसा तो मागं पडला. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असली गावठी वाणं घरात, मडक्यांत जपली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली, ते याच अकोले तालुक्यातलं. मावशींना त्यांचं नाव अर्थातच ठाऊक होतं, पण त्यांनी विषय फार वाढवला नाही. त्यांचं लक्ष साहेबांच्या पानाकडं होतं, कारण साहेब तिसऱ्यांदा भात घेत होते आणि डॉक्टरांनी त्यांना भात बंद केला आहे.

रात्री पडवीत बसलो. वाटलं होतं, गप्पा होतील. पहिला अर्धा तास झालंही तसं. कर्जाचे हप्ते, मुलांची ॲडमिशनं, कुणाचा गुडघा, कुणाची साखर. शहरात जे बोलतो तेच, फक्त अंधारात. मग हळूहळू वाक्यांमधली अंतरं वाढली. बेडकांनी ती भरून काढली. कौलांवर पाऊस यायचा, जायचा. मधूनच लांबून, वाऱ्याची दिशा बदलली की, रेल्वेची घरघर. १८६५ साली थळघाटातून लोहमार्ग वर इगतपुरीला आला, तेव्हापासून हा आवाज या डोंगरांच्या ओळखीचा आहे. कसाऱ्याहून चढणाऱ्या गाडीला मागून आणखी इंजिनं लावावी लागतात, एकटीच्यानं तो चढ होत नाही. ही माहिती मास्तरांनी दिली. शाळेत दरवर्षी देत असणार. बागाईतदार म्हणाला, "म्हंजे माझ्यासारखं. मला बी मागून कुणीतरी ढकललं तरच मी निघतो." मग बराच वेळ कुणी बोललं नाही. मला वाटलं सगळे झोपले, तर साहेबच म्हणाले, "बरं झालं इथं थांबलो." अंधार होता म्हणून म्हणाले. सकाळी विचारलं असतं तर नाकारलं असतं, म्हणून मी विचारलं नाही.

पहाटे जाग आली ती शिट्टीनं. काम नसलेला एखादा पोरगा वाटेनं जाताना सूर विसरत, पुन्हा पकडत शीळ घालतो ना, तशी. काका म्हणाले, पाखरू आहे. शीळकरी कस्तूर. ओढ्याच्या काठाला, दगडावर, निळसर काळा. तो गात राहिला आणि ढग वर सरकत गेले. आधी खाचरं दिसली, मग खुरासणीचे पिवळे तुकडे, आणि मग एकदम समोरचा सगळा कातळ: अलंग, मदन, कुलंग हे तिन्ही किल्ले. मदनच्या अंगातलं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, डोळे बारीक केल्यावर सापडलं. पलीकडं कळसूबाई मात्र घुंगट घेऊन होती. १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच, तिनं इतक्या लवकर कुणाला का दिसावं?

आता निघालो असं म्हणायचं. चहा, भाकरीचा तुकडा, हिशेब, काकांचा रामराम. बागाईतदारानं चारी चाकं दाबून बघितली, स्टेपनी बघितली, दोर जागेवर आहे हेही बघितलं. घाटात त्याचे नियम पक्के. ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर, वर येणाऱ्याला आधी वाट दे आणि वळणावर हॉर्न वाजवताना लाजू नको. बारीच्या घाटात जिल्हा बदलला. सोनकीनं सगळा उतार पिवळा केला होता आणि ओल्या दरडींवर तेरड्याचा गुलाबी हात फिरला होता. साहेब खिडकीतून डोकं बाहेर काढून बसले होते. गंधकाचं त्यांना काही वाटेनासं झालं होतं, किंवा आमच्या सगळ्यांच्याच कपड्यांना आता धुराचा वास होता.

शेंडीच्या अलीकडं रेंज आली आणि चारही फोन एकदम वाजायला लागले. साहेबांचा मेल रात्रीच केव्हातरी गेला होता. माझ्या घरून फोन आला, कुठवर पोचलात? सांगितलं, भंडारदऱ्याजवळ. "अजून भंडारदऱ्यालाच?" मागून सासूबाईंचा आवाज, "म्हणजे काल निघालेच नव्हते का?" मी फोन मास्तरांकडं देणार होतो, पण त्यांचाही वाजत होता.

धरणाच्या भिंतीशी गाडी थांबवली. १९२६ साली पूर्ण झालेलं दगडी विल्सन धरण, भरलेलं, आणि पाणी सोडल्यामुळं खाली धुरळ्यासारखे तुषार. मास्तर फोन कानाला लावून जरा बाजूला गेले. पाण्याच्या आवाजात त्यांना ओरडावं लागत होतं.

"कोण? काका का? हां, बोला... पंचा? लाल काठाचा? हो, माझाच."

मग ते थोडा वेळ ऐकत राहिले. बागाईतदारानं खिशातून किल्ली काढून वर धरली आणि मानेनंच विचारलं, फिरवू का माघारी? मास्तरांनी हातानं नको म्हटलं.

"नाही नाही, पाठवू नका. राहू द्या तिथंच. दांडीवरच राहू द्या."