आदत खोंड

रविवार, रात्री साडेदहा. विश्रामबाग, सांगली.

अखेर ठरलं. पहिली धड रिमोट कंट्रोल गाडी टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना, 1/10 स्केल (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची), ब्रश्ड, म्हणजे कार्बन ब्रशची साधी मोटर. चारही चाकांना जोर आणि बिनब्रशची ताकदवान मोटर, हे फोर-व्हील ब्रशलेसचं खूळ सध्या बाजूला. महिनाभर रात्री जागून व्हिडिओ बघितले मी, आणि निकाल लावला आबांनी. त्यांनी जन्मात रिमोट धरला तो फक्त टीव्हीचा.

गेल्या वर्षी ऑनलाइन मागवलेली गाडी अजून माळ्यावर पडून आहे. तिचं स्टिअरिंग म्हणजे डावं नाहीतर उजवं, अधलंमधलं काही नाहीच. चौथ्या दिवशी गिअरचा दात तुटला. सुटा गिअर मागितला तर विकणारा म्हणाला, "नवीन गाडी घ्या." कानाला खडा लावला. आता सस्पेन्शन आर्म, पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर), सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) सुटे मिळतील तीच गाडी.

आज विट्याजवळ गावी गेलो, मित्राचा ट्रॅक्सस स्लॅश हा टू-व्हील रिमोट ट्रक उसना घेऊन. बग्गी या दुसऱ्या प्रकारच्या रिमोट गाडीची चाकं उघडी असतात, शर्यतीत एकमेकांत अडकतात. या ट्रकची बॉडी चाकांवरून खाली येते, म्हणून नवख्याला बरी. बैल पळवतात त्याच माळावर सोडली. सरळ सुसाट. वळणावर रिमोटचा ट्रिगर (वेगाचा खटका) दाबला की मागची चाकं मुरुमावर घसरायची आणि गाडी भोवऱ्यासारखी गरकन फिरायची. सहा-सात वेळा तेच.

बांधावरून आबा ओरडले, "वळताना कशाला दाबतोयस? आधी सैल सोड, तोंड फिरलं की मग हाक."

पुढच्या खेपेला अगदी रेघेत वळली!

फोर-व्हीलमध्ये माझी चूक पुढच्या चाकांनी झाकली असती, हे मित्र कधीचा सांगतोय. आबांचं एका वाक्यात झालं, "आदत खोंड कुणी पहिल्याच दिवशी फायनलला जुंपतं का?" आदत म्हणजे अजून दुधाचे दात असलेला, आणि फायनल बैलांच्या शर्यतीची.

बॅटरी टू-एस लिपो, म्हणजे दोन सेलची लिथियम पॉलिमर, 7.4 व्होल्ट. तीन सेलच्या, जास्त वेगाच्या थ्री-एसचा मोह आहे, नाही म्हणत नाही. वापर नसेल तेव्हा सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेवायची, फुल चार्ज करून बरेच दिवस टाकली तर फुगू शकते. एवढं पाळलं तरी पुष्कळ.

संध्याकाळी सोप्यात जुन्या टूथब्रशनं मुरूम काढत बसलो. आबांनी गाडी उचलून मागचं एक चाक फिरवलं, तर पलीकडचं उलटं फिरायला लागलं. "हे असं कसं?" डिफरन्शिअल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी, समजावून सांगितलं. हूं हूं केलं. जेवायला दोनदा हाक मारली, आबा अजून चाकच फिरवत होते.