हिज्कीयाचा बोगदा आणि बोर्डिंगची विहीर

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. आठवीतला शास्त्राचा, म्हणजे बायबलचा तास आणि त्या तासाला भेटलेले बायबलातल्या यहूदा राज्याचे राजे यांच्याविषयी लिहायचं मनात फार दिवस होतं.

वर्ष १९७२. गावाकडे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते. आम्ही बोर्डिंगात होतो म्हणून मिलोची, म्हणजे लाल ज्वारीची भाकरी आणि पातळ आमटी तरी वेळेवर मिळायची. बोर्डिंगच्या विहिरीने तळ गाठला होता. सकाळी मोठी मुलं आत उतरून गाळ काढायची, आम्ही वर घमेली ओढायचो. संध्याकाळी प्रार्थनेत पावसासाठी विनवणी व्हायची. एक दिवस तासाला एका मुलाने सरांना सरळ विचारलं, "देवावर भरवसा आहे तर विहीर का उपसायची? आणि विहीर उपसतोच आहोत, तर प्रार्थना कशाला?"

सर रागावले नाहीत. त्यांनी बायबलातलं 'इतिहासाचं दुसरं पुस्तक' काढायला सांगितलं, आणि पुढचे कित्येक तास आम्ही राजेच वाचत राहिलो.

पहिला आसा. कूश देशाचा जेरह अफाट सैन्य आणि ३०० रथ घेऊन यहूदातल्या मारेशा नगरापर्यंत चालून आला. आसाने आधी सैन्य मांडलं आणि मग परमेश्वराला हाक मारली: बलवानाला काय आणि दुर्बळाला काय, साहाय्य करणारा तुझ्यावाचून कोणी नाही. तो जिंकला. पुढे सुखाची वर्षं गेली. कारकिर्दीच्या ३६व्या वर्षी शेजारच्या इस्राएलचा राजा बाशाने रामा नगर बांधायला घेऊन त्याची वाट अडवली, तेव्हा याच आसाने मंदिरातलं सोनंरुपं काढून बाशावर चालून जावं म्हणून दमास्कसचा राजा बेन-हदादाकडे धाडलं. डाव यशस्वीही झाला. बाशाने काम सोडलं आणि आसाने तिथले दगड-लाकूड उचलून स्वतःची दोन नगरं बांधली. सर इथे थांबले. म्हणाले, "फसला असता तर बरं झालं असतं. युक्ती फळली, म्हणून माणूस हातचा गेला." हनानी द्रष्ट्याने चूक दाखवली तर आसाने त्यालाच तुरुंगात टाकलं. शेवटी पायाला भारी रोग जडला, तेव्हाही त्याने परमेश्वराला विचारलं नाही, फक्त वैद्यांना गाठलं.

वर्गात एका कंपाउंडरचा मुलगा होता. त्याला हे लागलं. औषध घेणं पाप आहे का, असं त्याने विचारलं. सरांनी लगेच बायबलातल्या '२ राजे' या पुस्तकाचा अध्याय २० उघडायला लावला. आसानंतर बऱ्याच काळाने झालेला यहूदाचा राजा हिज्कीया मरणाला टेकलेला, भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना करतोय. देव त्याला १५ वर्षांचं आयुष्य वाढवून देतो, आणि तोच निरोप घेऊन आलेला यशया संदेष्टा सांगतो, गळवावर अंजिराचा लेप लावा. त्या मुलाचा चेहरा खुलला.

मग बोगदा. अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून येणार हे दिसत असताना हिज्कीयाने गीहोन झऱ्याचं पाणी खडकातून यरुशलेम शहराच्या आत आणलं. सरांनी फळ्यावर नागमोडी रेघ ओढली. लांबी सुमारे ५३३ मीटर. दोन टोकांकडून दोन टोळ्या खोदत आल्या. १८८० मध्ये तिथे सापडलेल्या शिलालेखात लिहिलंय की तीन हात खडक उरला असताना पलीकडून हाक मारणाऱ्या माणसाचा आवाज ऐकू आला, मग टिकावाला टिकाव भिडला आणि पाणी वाहू लागलं. पुढे मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, बोगद्यांची कामं जवळून पाहिली. दोन्ही तोंडांची रेषा आणि पातळी जुळवताना किती जीव टांगणीला लागतो, ते मला ठाऊक आहे. त्या बोगद्याचा एकूण उतार जेमतेम फूटभर आहे. दुर्बीण नाही, होकायंत्र नाही. मी आजही त्या खोदणाऱ्यांपुढे हात जोडतो.

पण सरांनी तिथे थांबू दिलं नाही. यशयाच्या पुस्तकाचा २२वा अध्याय वाचायला लावला. तुम्ही दोन भिंतींमध्ये पाण्यासाठी हौद केला, पण ज्याने हे सारं योजलं त्याच्याकडे पाहिलं नाही, असं यशया यरुशलेमकरांना सुनावतो. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. खोदण्यात खोट नव्हती. खोदून झाल्यावर नजर कुठे जाते, हा प्रश्न होता.

इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीब आलाच. हिज्कीयाने ३०० किक्कार (एक जुनं मोठं वजन) चांदी आणि ३० किक्कार सोनं दिलं, मंदिराच्या दारांवरचा पत्रा सोलून दिला, तरी तो हटला नाही. त्याचा रब्शाके नावाचा सरदार तटाखाली उभा राहून, भिंतीवरच्या लोकांना कळावं म्हणून मुद्दाम यहूदी भाषेत ओरडत होता की कोणताच देव तुम्हाला सोडवणार नाही. मग धमकीचं पत्र आलं. हिज्कीयाने ते वाचलं, मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे पसरून ठेवलं. नगर पडलं नाही. सन्हेरीबाच्या लेखात ४६ तटबंदीची नगरं घेतल्याची बढाई आहे, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडल्याची आहे, यरुशलेम घेतल्याची नाही.

वडिलांना ऑपरेशनसाठी आत नेलं तेव्हा हातात रिपोर्ट होते. पैशाची सोय झाली होती, डॉक्टरही उत्तम होते. मी बाहेरच्या बाकावर ते कागद मांडीवर पसरले आणि प्रार्थना केली. ती पद्धत मला याच शाळेने दिली.

आमचे शास्त्राचे सर आज नाहीत. शाळेच्या मंडळाला माझी एक विनंती आहे. शास्त्राचा तास आता वेळापत्रकात आठवड्यातून एकदाच, शेवटचा असतो असं कळलं. तो सकाळचा करावा. मुलांना आसाची आणि हिज्कीयाची गोष्ट विजयापाशी थांबवून सांगू नये. आसाचा तुरुंगातला हनानी आणि बाबेलच्या दूतांना खजिना दाखवत फिरणारा हिज्कीयाही त्यांनी वाचावा. आणि कोणी मुलगा त्या विहिरीच्या प्रश्नासारखा प्रश्न विचारील, तर त्याला पुरेसा वेळ द्यावा.