टेक्सासात रानडुकराची शिकार: परवाना, काडतूस आणि नेम

टेक्सासमध्ये रानडुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागत नाही, असं इथला कोणीही सांगेल, आणि ते खरंच आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की पुरते. हंगाम नाही, किती मारायची याला मर्यादा नाही, रात्रीही चालतं. पण माझ्यासारखा एच-वन-बीवरचा, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरचा माणूस एवढ्या ऐकीव माहितीवर बंदूक हातात घेईल तर नोकरी, व्हिसा, सगळंच पणाला लागेल. राज्याचा कायदा वेगळा आणि केंद्राचा वेगळा.

केंद्राचा कायदा सांगतो की नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या व्हिसावर असलेल्याने बंदूक तर सोडाच, साधं काडतूसही जवळ बाळगायचं नाही. अपवाद मोजके. त्यातला आपल्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. 'मित्राची रायफल होती, मी नुसती धरली होती' ही सबब इथे चालत नाही. म्हणजे जो परवाना डुकरासाठी लागत नाही, तो मला बंदुकीला हात लावण्यासाठी काढावा लागला. रहिवाशाला २५ डॉलर. रहिवासी म्हणवून घ्यायला राज्यात सलग सहा महिने काढलेले हवेत. शिवाय २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीच्या शिक्षणाचा कोर्स करावा लागतो. १७ वर्षांपुढच्यांना तो घरबसल्या ऑनलाइन करता येतो. आणि परवाना कधीही काढा, त्याची मुदत ३१ ऑगस्टला संपते. १ सप्टेंबरला नवा काढेपर्यंत रायफलीपासून लांब राहायचं. ग्रीन कार्डवाल्यांना ही कटकट नाही, त्यामुळे ते बिनधास्त 'अरे, काही लागत नाही' म्हणून सांगतात. त्यांचं ऐकू नका.

मला या नादाला लावलं ते ह्यूस्टनमधल्या आमच्या मंडळातल्या एका काकांनी. शहराच्या नैर्ऋत्येला व्हार्टनच्या बाजूला भात, मका, कापूस होतो. तिथल्या एका शेतकऱ्याकडे ते वर्षानुवर्षं जातात. मी मूळचा कुडाळचा, त्यामुळे डुकरांनी उकरलेलं शेत मला नवं नव्हतं. पण इथे पेरलेल्या मक्याच्या ओळीच्या ओळी, एकेक दाणा हुंगत, सरळ रेषेत उकरलेल्या पाहिल्या आणि शेतकऱ्याचा वैताग कळला. डुकरं इथली मूळची नाहीतच. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं मोकाट सुटली, पुढे १९३० च्या दशकात शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं आणून सोडली, दोन्हींचा संकर झाला. आज राज्यात त्यांची संख्या वीस लाखांच्या वर धरतात.

गावाकडच्यांनी हे वाचून हुरळून जाऊ नये. आपल्याकडे रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. कोकणात अनेक घरांत पीक संरक्षणाचा बंदूक परवाना असतो, पण तो बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, डुक्कर मारण्याचा नाही. त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी.

कोर्समध्ये नेम कुठे धरायचा ते हरणाच्या चित्रावर शिकवतात: पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या मध्यावर. मी ते पाठ करून काकांकडे गेलो.

"ते हरीण डोक्यातून काढ आधी," काका म्हणाले. "डुकराचं सगळं सामान पुढे असतं आणि खाली."

"म्हणजे नेमकं कुठे, काका?"

"तोंडाने सांगून कळायचं नाही. शनिवारी ये, फाडताना बघ."

त्या शनिवारी शेतकऱ्याच्या शेडमध्ये एक मोठा नर टांगलेला होता. काकांनी बरगड्यांच्या बाजूने तो उघडला आणि मला पुढचा पाय जसा उभ्या डुकराचा असतो तसा धरून ठेवायला लावला. हृदय चक्क दोन पुढच्या पायांच्या मधे, कोपराच्या जेमतेम वर. फुप्फुसं आखूड, बहुतेक भाग खांद्याच्या हाडाआड. जिथे हरणाचा नेम धरतात तिथून सळई घातली, तर ती फुप्फुसाची मागची कड चुकवून यकृत आणि पोटाच्या पिशवीत गेली. असं पोटात गोळी लागलेलं डुक्कर पळतं, कुठेतरी झुडपात तासन्‌तास तळमळतं आणि सापडत नाही.

दुसरी गोष्ट पाठीची. खांद्यावर डुकराला जो उंचवटा दिसतो तो आयाळीचा आणि मणक्यांवरच्या लांब काट्यांचा. खरा कणा तिथे वाटतो त्यापेक्षा बराच खाली असतो. वर लागलेली गोळी त्या काट्यांना चाटून जाते, डुक्कर जागीच कोसळतं, आपण खूश होतो, आणि मिनिटभरात ते उठून पसार होतं.

मग काकांनी खांद्यावरची ढाल दाखवली. नर एकमेकांशी झुंजताना सुळे मारतात ते खांद्यावर, म्हणून वयाबरोबर तिथे कातडीखाली चिवट कुर्चेसारखा थर साठत जातो. मी सुरी चालवून पाहिली. नारळाच्या ओल्या सोडणात कोयता अडकावा तशी ती अडकली. या नराचा थर इंचभर होता. यातून गोळी जात नाही अशी दंतकथा इथे भरपूर ऐकायला मिळते. योग्य गोळी आरामात जाते. प्रश्न एवढाच की पलीकडे गेल्यावर तिच्यात काय शिल्लक उरतं.

काडतुसाचा निर्णय यावरूनच होतो. दुकानात सगळ्यात स्वस्त पेटी .२२३ ची (हा आकडा म्हणजे कॅलिबर, गोळीची इंचातली जाडी), ५५ ग्रेनच्या पूर्ण धातूच्या आवरणाच्या गोळ्यांची. ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप. निशाणेबाजीच्या सरावाला ठीक. डुकरात ती न फुलता बारीक भोक पाडून आरपार जाते आणि पुढे कुठे जाईल सांगता येत नाही. उलट कोल्ह्यासारख्या लहान जनावरांसाठीच्या गोळ्या खांद्याच्या हाडावरच चुरा होतात. हवी ती मधली: आत जाऊन फुलणारी, तरी एकसंध राहणारी. म्हणजे शिशाचा गाभा आवरणाला पक्का जोडलेली (बाँडेड) आणि टोकाला शिसं उघडं असलेली सॉफ्ट पॉइंट, किंवा पूर्ण तांब्याची. अशी गोळी असेल तर .२२३ नेही डुक्कर पडतं, पण अंतर कमी आणि नेम चोख हवा. मी काकांची बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खटका ओढायची .३०८ रायफल वापरली, १५० ग्रेनची बाँडेड सॉफ्ट पॉइंट घालून. ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड, तेव्हा ही गोळी दहा ग्रॅमलाही कमी. पण नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला सुमारे २,८०० फूट असतो. कॅलिबरवरून इथले लोक हमरीतुमरीवर येतात. मला विचाराल तर गोळीची बनावट आधी बघा, आकड्यांचं भांडण नंतर.

ज्या पेटीने शिकार करायची तिनेच रेंजवर नेम जुळवायचा. काडतूस बदललं की गोळी दुसरीकडे लागते. रायफलीवरच्या दुर्बिणीचा नेम सरकवायच्या बटणाची एक टिचकी म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. दुर्बीण नळीच्या दीडेक इंच वर बसलेली असते, म्हणून १०० यार्डांला जुळवलेली रायफल २० यार्डांवर इंचभर खाली मारते. खांद्यावर त्याने फरक पडत नाही. कानाजवळ मारायचं असेल तर पडतो.

हो, ते कानाचं. व्हिडिओंमध्ये सगळे कानामागे मारतात, डुक्कर दिवा मालवल्यासारखं पडतं, बघायला छान वाटतं. पण मेंदू लहान असतो आणि उकरणाऱ्या डुकराचं डोकं एक क्षण स्थिर नसतं. जरा चुकलं की जबडा फुटतो आणि जनावर उपाशी मरतं. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाजूने उभं असेल तर पुढच्या पायाच्या मध्यरेषेवरून वर यायचं, अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागापर्यंत, आणि तिथेच मारायचं. तिरकं, पाठमोरं असेल तर पलीकडचा पुढचा पाय नजरेसमोर आणायचा आणि त्या दिशेने. समोरून येत असेल तर थांबायचं.

संध्याकाळी आम्ही लाकडी मचाणावर बसलो, मक्याच्या फीडरपासून, म्हणजे डुकरांना आमिष म्हणून मका टाकणाऱ्या यंत्रापासून, साधारण ७० यार्डांवर. मचाण फक्त लांबचं नीट दिसावं म्हणून नसतं. हा सगळा मुलूख सपाट, आणि .३०८ ची गोळी दोनेक मैल सहज जाते. वरून खाली मारलं की ती मातीत रुतते. अंधार पडता पडता कळप आला, माद्या आणि पिल्लं, एकमेकांत घुसलेली. एक मोठी मादी नीट बाजूने उभी राहिली तेव्हा मी सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, काढली.

"मागे बघ," काका पुटपुटले. तिच्या बरोब्बर मागे दुसरं डुक्कर होतं. गोळी आरपार गेली असती तर ते जखमी होऊन पळालं असतं. ते बाजूला व्हायला जो वेळ लागला त्यात माझा श्वासही ताळ्यावर आला. मग चाप दाबला.

ती पंचवीस-तीस पावलं धावली आणि पडली. रक्ताचा माग जवळजवळ नव्हताच. चरबीने भोक बुजतं, त्यामुळे डुकराच्या बाबतीत बहुतेकदा असंच होतं. म्हणून पळताना ते कुठल्या झाडापाशी दिसेनासं झालं ते लक्षात ठेवायचं आणि अर्धा तास खाली उतरायचं नाही. नराच्या मागे अंधारात झुडपात शिरणं तर मूर्खपणाच.

साफ करताना रबरी हातमोजे घालायचेच. या डुकरांत ब्रुसेला जिवाणू असतो आणि हातावरच्या चिरेतून तो माणसात शिरतो. महिनोन्‌महिने ताप पिच्छा सोडत नाही. मांस आतपर्यंत १६० अंश फॅरनहाइटला शिजवायचं. मालवणी मसाल्यात मांड्यांचं सुकं उत्तम झालं. खांद्यावरच्या नेमाची किंमत मात्र द्यावी लागते: दोन्ही फऱ्यांचं मांस रक्ताळून आणि हाडाच्या चुऱ्याने वाया गेलं. काकांनी ते न कुरकुरता कापून टाकलं आणि मागच्या मांड्या आइसबॉक्समध्ये भरायला मला हाक मारली.