केळीभावाचं ॲप आणि फिग्मातल्या स्टाइल्स

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी उत्पादकांसाठीचं एक ॲप माझ्याकडे आलं, तेव्हा त्याचं डिझाइन अर्धंअधिक झालेलं होतं. रोजचा भाव, कापणीची नोंद, गाडी कधी येणार, पैसे जमा झाले का, एवढंच त्यात बघायचं. फिग्मा या स्क्रीन डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमधली ती फाइल, तिच्यात वेळोवेळी निरनिराळ्या लोकांनी भर घातलेली. एकेक स्क्रीन सुटी पाहिली तर छान, पण ओळीने लावल्या की प्रत्येकीचा हिरवा निराळा. त्यातच मागणी आली की बटणांचा हिरवा गडद करा, उन्हात दिसत नाही.

एकेक बटण पकडून रंग बदलत बसण्यापेक्षा आधी स्टाइल्स बांधायच्या, म्हणजे रंग आणि अक्षरांची मापं नाव देऊन एकाच जागी साठवायची, असं मी ठरवलं. फिग्मात सगळ्या फ्रेम्स (स्क्रीनच्या चौकटी) एकत्र निवडल्या की उजवीकडे ‘सिलेक्शन कलर्स’खाली वापरलेले सगळे रंग दिसतात. ती यादी बघूनच डोळे उघडतात. रंगाचा कोड तोच पण अपारदर्शकता वेगळी असली, तरी तो वेगळा रंग म्हणून येतो. रंगाच्या शेजारच्या चिन्हावर टिचकी मारली की तो रंग जिथे जिथे आहे ते सगळे लेयर (स्क्रीनवरचे सुटे घटक) निवडले जातात. तिथून पुढचं काम वेळखाऊ असलं तरी सरळ असतं.

खरा विचार नावांना लागतो. ‘गडद हिरवा’ असं नाव दिलं आणि उद्या बटण निळं झालं, तर नाव खोटं पडतं. म्हणून मी नावं कामावरून दिली: ‘ॲक्शन/प्रायमरी’, ‘टेक्स्ट/सेकंडरी’, ‘भाव/वाढ’, ‘भाव/घट’. तिरकी रेघ दिली की फिग्मा आपोआप गट पाडतं. प्रत्येक स्टाइलला वर्णनाची जागा असते, तिचाही मी भरपूर वापर केला. केळीचं ॲप म्हटल्यावर पिवळा हवाच होता. पण पांढऱ्यावर त्या पिवळ्याचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर (दोन रंगांच्या उजेडातला फरक) २ पर्यंतही पोचत नव्हतं. डब्ल्यूसीएजी या, सगळ्यांना नीट वाचता यावं म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५ लागतं. त्यामुळे पिवळ्याच्या वर्णनात लिहिलं: ‘फक्त पार्श्वभूमीसाठी, वर अक्षर काळंच.’ मे महिन्यात भर दुपारी बांधावर उभं राहून भाव बघणाऱ्या माणसासाठी हा आकडा कागदी नियम राहत नाही.

सर्वात जास्त वेळ मात्र मी टेक्स्ट स्टाइल्सवर घालवला, आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने तो घालवावा असं मला मनापासून वाटतं. आधीची सगळी मापं रोमन अक्षरांवर बसवलेली होती. छोट्या मथळ्यांना अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं. इंग्रजीत ते देखणं दिसतं, पण ‘आजचे भाव’ला तेच लावलं की शिरोरेखाच तुटते आणि शब्दाचे तुकडे सांडल्यासारखे दिसतात. म्हणून प्रत्येक स्टाइलमध्ये ते अंतर शून्य केलं. ओळींमधली उंची १२० टक्के होती, तीही पुरेना. ‘मृगबाग’मधला ृ खाली उतरतो आणि खालच्या ओळीतल्या ‘क्विंटल’ची वेलांटी-अनुस्वार वर चढतो, दोन ओळी एकमेकींत घुसतात. मुक्ता हा फॉन्ट घेऊन साध्या मजकुराला १६ च्या आकारावर २६ ची उंची दिली, तेव्हा कुठे ओळी मोकळ्या झाल्या. चाचणीला नेहमी असेच शब्द घ्यावेत. ‘नमस्कार’ लिहून काहीच कळत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: फिग्मातल्या टेक्स्ट स्टाइलमध्ये फॉन्ट, आकार, जाडी, ओळीची उंची हे सगळं साठतं, पण रंग नाही आणि डावी-उजवी मांडणीही नाही. सुरुवातीला हे गैरसोयीचं वाटतं. प्रत्यक्षात त्यामुळेच मोजक्या टेक्स्ट स्टाइल्सवर भागतं, नाहीतर प्रत्येक रंगागणिक नवी करावी लागली असती.

शेतकऱ्यांचं ॲप आणि ऑफिसमध्ये बसून भाव भरणाऱ्यांचा डॅशबोर्ड या दोन वेगळ्या फाइल्स होत्या. स्टाइल्सची फाइल लायब्ररी म्हणून प्रकाशित केली आणि दोन्हीकडे जोडली. मूळ स्टाइल बदलून पुन्हा प्रकाशित केली की त्या फाइल्समध्ये अपडेटची सूचना येते आणि ती स्वीकारल्याशिवाय तिथे बदल होत नाही. डॅशबोर्डवाल्या सहकाऱ्याला हे आधीच सांगून ठेवलं.

मग तो हिरवा गडद केला, एकाच जागी. ‘आता दिसतंय भाऊ, पण भावाचा आकडा अजून मोठा करा,’ असं रावेरच्या एका शेतकऱ्याने फोन उन्हात धरून सांगितलं. ‘भाव/आकडा’ स्टाइलचं माप वाढवलं, यादीतले सगळे आकडे एकदम वाढले. मात्र दोन कार्डांमध्ये चार अंकी आकड्यापुढचं ‘प्रति क्विंटल’ खालच्या ओळीत गेलं, ते हाताने बघून नीट करावं लागलं. कारण जागेची मांडणी स्टाइल सांभाळत नाही, ते काम ऑटो लेआउटचं, म्हणजे मजकुराप्रमाणे जागा आपोआप जुळवणाऱ्या फिग्मातल्या सोयीचं.

२०२३ मध्ये फिग्मात व्हेरिएबल्स आले, म्हणजे एकाच नावाखाली मोडप्रमाणे वेगवेगळी मूल्यं ठेवायची सोय. डार्क मोड हवा असेल तर रंग तिकडे नेणं सोयीचं पडतं, पण या ॲपला तूर्त ती गरज नाही. आता बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्यांसाठी हिंदी आवृत्ती करायची आहे. लिपी तीच असल्याने टेक्स्ट स्टाइल्स जशाच्या तशा लागू होतील, फक्त बटणांवरचे लांब शब्द एकदा तपासायचे आहेत.