तुम्ही विचारलंत म्हणून: खासगी कंपनीने पोस्ट उडवली, तर ती सेन्सॉरशिप का?

हा प्रश्न विचारणारा सहसा चिडलेला असतो. एकतर त्याची स्वतःची पोस्ट उडालेली असते, नाहीतर ज्याची उडाली तो माणूस त्याला आवडत नसतो आणि ‘छे, ही कसली सेन्सॉरशिप’ असं म्हणणारा एक साक्षीदार त्याला वादात हवा असतो. मी माध्यमांचा कायदा शिकवते, त्यामुळे दोन्ही बाजूंकडून बोलावणं येतं. माझं उत्तर दोघांनाही पटत नाही: हो, ती सेन्सॉरशिप असू शकते, पण तुमच्या बाबतीत बहुधा नसावी.

कायद्याचं आधी उरकून टाकते. या मोठ्या कंपन्या बहुतेक अमेरिकी, म्हणून तिथलंच सांगते. अमेरिकेच्या घटनेतली, अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारी पहिली दुरुस्ती सरकारचे हात बांधते, कंपनीचे नाही. फ्लोरिडा आणि टेक्सास या राज्यांनी २०२१ मध्ये कायदे करून मोठ्या प्लॅटफॉर्मच्या काटछाटीला आळा घालायचा प्रयत्न केला होता. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते खटले फेरविचारासाठी खाली पाठवले, पण पाठवताना हेही सांगितलं की लोकांच्या मजकुरातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवणं ही प्लॅटफॉर्मची स्वतःची अभिव्यक्ती असू शकते. १९९६ च्या कायद्यातलं कलम २३० सद्हेतूने केलेल्या काटछाटीला वेगळं संरक्षण देतंच. थोडक्यात, पोस्ट उडाली म्हणून तिथे कंपनीवर दावा लावणारा जवळजवळ नेहमीच हरतो.

यावरून लोक झटकन निष्कर्ष काढतात: बेकायदा नाही, म्हणजे सेन्सॉरशिपही नाही. इथे माझं त्यांच्याशी जमत नाही. जगातली बरीचशी सेन्सॉरशिप पूर्ण कायदेशीर होती आणि काही तर सरकारी नव्हतीच. १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड झाली. सिनेटच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या. सरकार काही करायच्या आत प्रकाशकांनी आपणहून एक संहिता केली आणि ती राबवायला कचेरी उघडली. कायद्याची सक्ती शून्य. मात्र मुखपृष्ठावर त्या कचेरीचा शिक्का नसेल, तर बहुतेक वितरक अंकाला हात लावत नसत. १९५६ मध्ये एका विज्ञानकथेचा अंक तिथे तपासायला गेला. त्या कथेच्या शेवटच्या चौकटीत अंतराळवीर शिरस्त्राण काढतो आणि तो कृष्णवर्णीय असल्याचं दिसतं. संहितेच्या प्रमुखाने त्यालाच हरकत घेतली, आणि तीसुद्धा संहितेत तसा कुठलाही नियम नसताना! प्रकाशक विल्यम गेन्स यांनी हे प्रकरण चव्हाट्यावर मांडण्याची धमकी दिली, तेव्हा कुठे ती चौकट जशीच्या तशी छापली गेली. तो अंक अडवण्यात सरकारी माणूस एकही नव्हता. तरी याला सेन्सॉरशिप म्हणायचं नसेल, तर मग कशाला म्हणायचं?

आता दुसरी बाजू. रोज जे काढलं जातं त्यातला प्रचंड भाग म्हणजे स्पॅम, बनावट खाती आणि फसवणुकीच्या लिंका. बुद्धिबळाच्या गटातून कुणाचा निवडणुकीवरचा निबंध काढला, तर त्या माणसाचा आवाज बंद झालेला नसतो. त्याला दुसरा गट धुंडाळावा लागतो, एवढंच. गटाला आपला विषय सांभाळण्याचा हक्क आहे. तो काढून घेतला, तर बुद्धिबळावर बोलायला आलेल्यांचीच पंचाईत होईल. कंपनी खासगी आहे हा मुद्दा इथे खरोखर लागू पडतो, कारण पर्याय आहेत.

पर्याय किती उरतात, हे काढणारा कुठल्या पातळीवर बसलाय यावरून ठरतं. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल शहरात गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यात झालेल्या हिंसाचारानंतर ‘डेली स्टॉर्मर’ या नवनाझी साइटला डोमेन, म्हणजे वेबवरचा पत्ता, देणाऱ्या कंपन्यांनी एकामागून एक हाकललं. मग क्लाउडफ्लेअरनेही तिचं संरक्षण काढून घेतलं. क्लाउडफ्लेअर स्वतः काही छापत नाही. असंख्य साइट्सना हल्ल्यांपासून वाचवते आणि त्यांची रहदारी पुढे पोचवते. तिचे प्रमुख मॅथ्यू प्रिन्स यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलं की आपण सकाळी वाईट मूडमध्ये उठलो आणि या साइटला इंटरनेटवरून हाकलायचं ठरवलं. पुढे त्यांनी हेही लिहिलं की अशी सत्ता कुणाच्याच हाती असू नये. मला त्या साइटबद्दल काडीची सहानुभूती नाही. पण एका माणसाचा मूड आणि एखाद्या साइटचं अस्तित्व यांच्यामध्ये काहीच उभं नसावं, हे मला त्या साइटवरच्या मजकुराइतकंच अस्वस्थ करतं. गटातून हाकललं तर दुसऱ्या गटात जाता येतं. डोमेन, होस्टिंग, पेमेंट आणि ॲप स्टोअर या दारांची संख्या मात्र बोटांवर मोजण्याइतकी आहे.

ॲप स्टोअरवरून रशियातले विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी आठवतात. ट्विटरने ८ जानेवारी २०२१ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांचं खातं कायमचं बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा जगभरचे उदारमतवादी बहुतांशी सुटकेचा निःश्वास टाकत होते. नवाल्नी यांनी मात्र याला अस्वीकार्य सेन्सॉरशिप म्हटलं. बंदी कुणी घातली, कुठल्या प्रक्रियेने घातली, हे आपल्याला ठाऊकच नाही, असा त्यांचा आक्षेप होता. शिवाय या पायंड्याचा फायदा रशियासारख्या ठिकाणची सरकारं घेतील, असंही त्यांनी सांगितलं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रशियात संसदेच्या निवडणुकीचं मतदान सुरू झालं आणि त्याच दिवशी ॲपल व गूगल यांनी नवाल्नींच्या सहकाऱ्यांचं ॲप आपापल्या रशियातल्या स्टोअरमधून काढून टाकलं. सत्ताधारी पक्षाला हरवण्याची सर्वाधिक शक्यता कुणाची, हे ते मतदारसंघवार सांगत होतं. नवाल्नी तेव्हा तुरुंगात होते. कंपन्यांच्या तिथल्या कर्मचाऱ्यांना खटल्याची धमकी दिल्याच्या बातम्या आल्या होत्या.

ट्रम्प यांच्याबाबत मी आजही दोन्ही बाजूंनी बोलू शकते. दोनच दिवस आधी अमेरिकेच्या संसदभवनावर हल्ला झाला होता आणि कंपनीकडे आपल्या नियमांचा आधार होता. दुसऱ्या प्रसंगात मला काडीचीही शंका नाही. तिथे काढणारा हात कंपनीचा होता, पण इच्छा सरकारची होती. सरकारने स्वतः बंदी घातली तर निदान आदेश निघतो, त्यावर सही असते, त्याला आव्हान देता येतं. कंपनीकडून काम करून घेतलं की ‘आमच्या धोरणानुसार’ एवढ्यावर भागतं.

ही युक्ती इंटरनेटच्या आधीची आहे. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने १९५६ मध्ये तरुणांच्या नीतिमत्तेसाठी एक आयोग नेमला. आयोगाला बंदीचा अधिकार नव्हता. तो पुस्तकांच्या वितरकांना नुसती पत्रं लिहायचा: अमुक पुस्तकं आक्षेपार्ह वाटतात, सहकार्याबद्दल आभार. याद्यांच्या प्रती पोलिसांकडे जात, आणि थोड्या दिवसांनी एक पोलीस वितरकाकडे येऊन काय केलंत म्हणून विचारपूस करी. वितरकाने मुकाट्याने पुस्तकं परत पाठवली. प्रकाशक न्यायालयात गेले आणि १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रकार घटनाबाह्य ठरवला. आज सरकारं पोर्टलवरून कंपन्यांना मजकूर काढण्याच्या ज्या ‘विनंत्या’ पाठवतात, त्या पाहताना मला तो पोलीस हमखास दिसतो.

मधला एक प्रकार उरतो, तो नियमाच्या आंधळेपणाचा. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने व्हिएतनाम युद्धातला नापामने भाजलेल्या, विवस्त्र धावणाऱ्या मुलीचा जगप्रसिद्ध फोटो एका नॉर्वेजियन लेखकाच्या पोस्टमधून काढला. मग आफ्तेनपोस्तेन या तिथल्या वृत्तपत्राच्या फेसबुक पानावरून काढला, आणि शेवटी थेट नॉर्वेच्या तेव्हाच्या पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांच्या पोस्टमधूनही. लहान मुलांच्या नग्नतेवर बंदी हा नियम चांगलाच आहे. इथे कुणाला युद्धाचा इतिहास लपवायचा होता, असं मला वाटत नाही. जगभर बोंब झाली तेव्हा कंपनीने माघार घेतली. पण ज्याच्या मागे वृत्तपत्र किंवा पंतप्रधान उभे नसतात, त्याचा फोटो उडालेलाच राहतो. (पोस्ट न काढता गुपचूप तिची रीच कमी करणं, म्हणजे ती थोड्याच लोकांना दिसू देणं, तर याहूनही वाईट, आपल्याला कुणी ऐकतच नाहीये हे कळायलाही मार्ग नसतो.)

म्हणून कंपनीने काहीच काढू नये, या मागणीत मी कधी सामील होत नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याची दिशा मला बरी वाटते: मजकूर काढा, पण कारण सांगा, कुठल्या नियमाखाली काढलं ते सांगा, ते यंत्राने ठरवलं का ते सांगा, आणि तक्रारीची सोय ठेवा. रीच कमी केली तरीही हेच लागू. छापील साच्यातली कारणं देऊन कंपन्या यातूनही पळवाटा काढतात, पण कागद तरी हाती येतो. भारतातल्या इंटरनेटवरचा मजकूर अडवण्याच्या २००९ च्या ब्लॉकिंग नियमांत तर सरकारकडे आलेल्या मागण्या आणि त्यांवरची कारवाई गोपनीय ठेवायचीच तरतूद आहे.

तेव्हा तुमची पोस्ट उडाली असेल, तर कंपनीकडून आलेल्या निरोपाचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा आणि मगच मला विचारा. कंपनीचा एखादा नियम दाखवला असेल, तर अपील करा. बहुतेकदा प्रकरण तेवढंच असतं. ‘कायदेशीर मागणीमुळे या देशात दिसणार नाही’ असं लिहिलं असेल, तर ती मागणी कुणाची, हे शोधायला मी तुमच्याबरोबर बसेन.