पैसे फोर-केचे, चित्र भलतंच

सगळ्यात वरचा प्लॅन, फोर-के टीव्ही, शंभर एमबीपीएसचं इंटरनेट, आणि तरी पडद्यावरचे चेहरे मेणाचे असल्यासारखे गुळगुळीत. ओटीटीच्या ग्राहकांची ही तक्रार जुनी आहे, आणि कस्टमर केअरचं उत्तरही तितकंच जुनं: राउटर बंद करून पुन्हा चालू करा. करून बघायला हरकत नाही, पण बऱ्याचदा दोष राउटरचा नसतोच.

प्लॅनच्या पानावर ‘फोर-के’ असं लिहिलेलं असतं ती कमाल मर्यादा असते, हमी नसते. तिथपर्यंत पोचायला तो कार्यक्रम मुळात फोर-केमध्ये उपलब्ध हवा, उपकरणाला त्या अ‍ॅपची मान्यता हवी, मधली केबल आणि टीव्हीचा पोर्ट त्या लायकीचे हवेत, आणि मग शेवटी इंटरनेट. यातलं एक जरी कमी पडलं तरी चित्र गुपचूप खालच्या पातळीवर येतं. ‘तुम्ही पैसे भरलेत त्यापेक्षा कमी दिसतंय’ अशी पाटी कुणी लावत नाही. सगळा संताप खरं तर या गुपचूपपणाचा आहे.

आधी इंटरनेटचा विषय संपवून टाकू. नेटफ्लिक्सची स्वतःची शिफारस ७२० रेषांच्या चित्रासाठी (साधं एचडी) ३, १०८० साठी (फुल एचडी) ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएसची आहे. म्हणजे शंभरच्या लाइनवर फोर-के चालायलाच हवं. अडतं ते घरातल्या वाय-फायवर. टीव्हीच्या पाठीला चिकटवलेली स्ट्रीमिंग स्टिक टीव्हीच्याच पत्र्याआड दडते आणि सिग्नल अर्धमेला होतो. स्टिकसोबत आलेला छोटा एचडीएमआय एक्स्टेंडर लावून ती थोडी बाहेर काढली की फरक पडतो. राउटर त्याच खोलीत असेल तर २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा. लॅन केबल ओढता आली तर उत्तमच. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचा असतो, पण या कामाला तेवढा पुरून उरतो.

कार्यक्रम सुरू झाल्यावर पहिले काही सेकंद चित्र धूसर असणं हा बिघाड नाही. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो, प्रत्येक तुकड्याच्या कमी-जास्त दर्जाच्या प्रती सर्व्हरवर तयार असतात, आणि अ‍ॅप लवकर सुरुवात व्हावी म्हणून हलकी प्रत आधी उचलतं. अर्ध्या-एक मिनिटानंतरही चित्र सुधारलं नाही, तर मात्र शोध घ्यायचा. रोज रात्री ठरावीक वेळीच घसरत असेल तर ‘फास्ट डॉट कॉम’ उघडा. ही नेटफ्लिक्सची चाचणी असून ती त्यांच्याच सर्व्हरपासून तुमच्यापर्यंतचा वेग मोजते. तिथे आकडा कमी आणि दुसऱ्या एखाद्या स्पीड टेस्टवर भरपूर, असं दिसलं तर अडथळा तुमचा इंटरनेटवाला आणि ते सर्व्हर यांच्यामधल्या रस्त्यावर आहे. दोन्ही आकड्यांचे स्क्रीनशॉट इंटरनेटवाल्याला पाठवा. नुसतं ‘स्लो आहे’ म्हटलं की ते दुसऱ्या चाचणीचा भलामोठा आकडा दाखवून मोकळे होतात.

आणखी एक कोपरा सहसा कुणी बघत नाही. नेटफ्लिक्समध्ये डेटा-वापराची सेटिंग प्रत्येक प्रोफाइलची वेगळी असते. कुणी कधीतरी मोबाइल डेटा वाचवायला ती ‘लो’वर नेऊन ठेवली असेल, तर त्या प्रोफाइलवर टीव्हीवरही चित्र तसंच येत राहतं. ‘लो’ला तासाला साधारण ०.३ जीबी जातो, एचडीला ३ जीबीपर्यंत आणि फोर-केला ७ जीबीपर्यंत. एकाच टीव्हीवर एका प्रोफाइलला चित्र छान आणि दुसऱ्याला वाईट दिसत असेल तर आधी इथेच बघा.

आता उपकरण. अँड्रॉइडवर वाइडवाइन नावाची कुलूपव्यवस्था चालते. तिच्या एल१ पातळीवर व्हिडिओ उलगडण्याचं काम प्रोसेसरच्या सुरक्षित भागात होतं. एल३ वर ते नुसत्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर असतं, म्हणून त्याला सहसा ४८० च्या पुढचं चित्र दिलं जात नाही. फोनचा पडदा कितीही भारी असो. नेटफ्लिक्सच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये अ‍ॅप सेटिंग्जच्या आत ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ असतं, तिथे ही पातळी आणि मिळू शकणारं कमाल रिझोल्यूशन दोन्ही दिसतं. एल१ असूनही एचडी नाही, असंही होतं, कारण काही सेवा उपकरणाला स्वतःची वेगळी मान्यता देतात. बूटलोडर (फोनची मूळ प्रणाली बदलू न देणारं कुलूप) अनलॉक केला की काही फोन एल१ वरून एल३ वर घसरतात. स्वस्तातल्या अँड्रॉइड बॉक्सची गत याहून वाईट: त्यातल्या अनेकांत टीव्हीसाठीची अँड्रॉइड नसतेच, फोनचीच असते. खोक्यावर आठ-के छापलेलं असतं आणि पैसे देऊन घेतलेला कार्यक्रम दिसतो ४८० मध्ये. असा बॉक्स फुकट मिळाला तरी घेऊ नये.

संगणकावर ब्राउझरगणिक दर्जा बदलतो. नेटफ्लिक्स फोर-केमध्ये हवं तर विंडोजवर क्रोम चालत नाही, एज किंवा त्यांचं अ‍ॅप लागतं. शिवाय एचईव्हीसीची (व्हिडिओ आवळून साठवण्याच्या एका पद्धतीची) सोय आणि एचडीसीपी २.२ नावाचं चोरीविरोधी संरक्षण मानणारा पडदा लागतो. शेजारी जोडलेल्या एखाद्या जुन्या मॉनिटरमुळेही गाडी अडते, तेव्हा तो काढून बघावा.

हे एचडीसीपी टीव्हीलाही छळतं. ते केबलमधून जाणाऱ्या चित्राची चोरी होऊ नये म्हणून असलेलं संरक्षण आहे, आणि फोर-केसाठी त्याची २.२ आवृत्ती वाटेतल्या प्रत्येक उपकरणात लागते. जुन्या फोर-के टीव्हींत चारपैकी एक-दोनच पोर्ट २.२ चे असतात. मध्ये जुना साउंडबार किंवा रिसीव्हर असेल तर तोही साखळीत धरायचा. पडदा काळा आणि आवाज चालू, किंवा चित्र १०८० वर अडकलेलं, ही त्याची लक्षणं. स्टिक थेट टीव्हीला लावा, पोर्ट बदलून बघा, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टसाठी ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘अल्ट्रा एचडी कलर’ अशा नावाचा पर्याय चालू आहे का ते तपासा. बऱ्याच टीव्हींवर तो मुळात बंद असतो.

संवाद ऐकू येत नाहीत आणि स्फोट झाला की घर हादरतं, यावर सोपा इलाज आहे: ऑडिओच्या मेनूत ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडा. पाच वाटांचा आवाज टीव्हीच्या दोन लहान स्पीकरांत कोंबताना मधल्या वाटेतले संवाद दबतात. थेट सामन्याचा उशीर मात्र घरबसल्या सुटणारा नाही. व्हिडिओ तुकड्यांत पाठवायच्या अ‍ॅपलच्या एचएलएस पद्धतीत शिफारस सहा सेकंदांच्या तुकड्याची आहे, आणि प्लेअर साधारण तीन तुकडे हातात ठेवून चालतो. म्हणजे अठरा सेकंद तिथेच गेले, वर एन्कोडिंग आणि वितरणाचा वेळ. शेजारून आरडाओरडा आधी ऐकू येणारच. फोनवरचे स्कोअरचे नोटिफिकेशन बंद ठेवा, एवढंच करता येतं.

आता पैशांकडे येऊ. लोक पैसे देऊन ओटीटीकडे आले त्याचं एक मोठं कारण जाहिरातींपासून सुटका हे होतं. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहिरातींचा स्वस्त प्लॅन आणला. तो निदान ज्याला हवा त्याने घ्यावा असा होता. अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२४ पासून काही देशांत उलटं केलं: आहे त्याच वर्गणीत जाहिराती आल्या आणि त्या नको असतील तर वरून वेगळे पैसे. वर्षाचे पैसे आधीच भरलेल्यांनाही हे मध्येच लागू झालं. यातून घ्यायचा तो व्यावहारिक बोध हा, की वार्षिक वर्गणी फार तर भाववाढीपासून वाचवते, सेवेच्या बदलत्या रूपापासून नाही.

तेव्हा वार्षिक प्लॅन घेण्याआधी एक भागाकार करा. वर्षाची रक्कम भागिले महिन्याची रक्कम. उत्तर दहा आलं तर वर्षात दहा महिन्यांहून जास्त ती सेवा बघणार असाल तरच तो फायद्याचा. एका मालिकेसाठी आलेला प्रेक्षक दोन महिन्यांत मोकळा होतो. म्हणून बहुतेकांना परवडतो तो मार्ग आलटून-पालटून घेण्याचा: एका वेळी एक सेवा, यादी साचू द्यायची, महिना-दोन महिने बघायचं, बंद करायचं, पुढची घ्यायची. मालिकेचे भाग दर आठवड्याला एक येत असतील तर शेवटचा भाग आल्यावरच पैसे भरा. कुठला कार्यक्रम सध्या कुठे आहे हे जस्टवॉच या वेबसाइटवर देश निवडून कळतं.

ज्या दिवशी वर्गणी भरली त्याच दिवशी ऑटो-रिन्यू रद्द करून टाकायचं. बऱ्याच सेवा भरलेली मुदत संपेपर्यंत चालू राहतात. फुकट ट्रायलचं तसं नाही, काही ठिकाणी रद्द केल्या क्षणी ते संपतं, तेव्हा तिथे अटी वाचून मगच हात लावा. अ‍ॅप स्टोअरमधून घेतलेलं ट्रायल नको असेल तर संपायच्या किमान चोवीस तास आधी रद्द करायला अ‍ॅपल सांगतं. ऐन शेवटच्या रात्रीवर विसंबू नका.

सगळ्यात जास्त पैसे कुठे बुडत असतील तर ‘रद्द केलं तरी कापले जातात’ या प्रकारात. फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी रद्द होत नाही. आणि रद्द करायचं ते जिथून घेतलं तिथूनच: अ‍ॅपलकडून घेतलं तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये नावावर टॅप करून ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये, गूगलकडून घेतलं तर प्ले स्टोअरच्या ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये, मोबाइल कंपनीच्या पॅकमधून आलं तर त्या कंपनीकडे. सेवेच्या वेबसाइटवर बटण सापडत नसेल तर कार्डाच्या स्टेटमेंटवर पैसे कुणाच्या नावाने गेलेत ते बघा. दार तिथेच असतं. मोबाइलच्या पॅकसोबत येणारं ओटीटी पुष्कळदा फक्त फोनवर चालणारं, एका पडद्याचं असतं. ते घेताना जुनी वर्गणी आपोआप थांबते असं समजू नका, दोन्ही कापल्या जाऊ शकतात.

पासवर्ड वाटण्यावर नेटफ्लिक्सने मे २०२३ मध्ये शंभरावर देशांत बंधन आणलं. ‘घर’ ठरवताना आयपी पत्ता (इंटरनेट कनेक्शनचा क्रमांक), उपकरणाची ओळख आणि अकाउंटचा वापर बघितला जातो, आणि केंद्रस्थानी टीव्ही असतो. घरात दोन वेगळी इंटरनेट कनेक्शनं असतील आणि टीव्ही एकावर, बाकीचं दुसऱ्यावर असेल, तर एकाच छताखाली राहूनही ‘हे उपकरण तुमच्या घरातलं नाही’ असं ऐकावं लागू शकतं. सगळं एका कनेक्शनवर आणून घर पुन्हा नोंदवलं की सहसा सुटतं.

कार्यक्रम नाहीसे होण्यामागे मुदतीचे परवाने असतात, आणि ते देशागणिक वेगळे. पण सेवेची स्वतःची निर्मितीही कायमची नसते: एचबीओ मॅक्सने ऑगस्ट २०२२ मध्ये आणि डिझ्नी प्लसने मे २०२३ मध्ये स्वतःचेच कार्यक्रम काढून टाकले. डाउनलोड केलं म्हणजे आपलं झालं, असंही नाही. त्याला मुदत असते आणि कार्यक्रम गेला की तेही जातं. ‘बाय’ दाबून विकत घेतलेला चित्रपटसुद्धा शेवटी परवानाच. हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं असा कॅलिफोर्नियाचा कायदा २०२५ पासून लागू आहे.

अशा काही कायद्यांमुळे थोडी आशा वाटते. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन वर्गणी रद्द करण्यासाठी स्पष्ट दिसणारं बटण ठेवणं बंधनकारक आहे. अमेरिकेत तसाच नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला, पण जुलै २०२५ मध्ये कोर्टाने तो रद्दबातल केला. जाहिरातींचा आवाज कार्यक्रमापेक्षा मोठा नसावा हा तिथला २०१० चा कायदा फक्त प्रसारण, केबल आणि उपग्रह टीव्हीपुरता होता. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये स्ट्रीमिंगसाठीही तसा कायदा केला. तंत्राची अडचण यात कुठेच नाही. अ‍ॅपला या क्षणी कुठलं रिझोल्यूशन चाललंय हे माहीत असतं, ते कशामुळे उतरलं याचाही बराचसा अंदाज असतो. ते पडद्याच्या कोपऱ्यात दाखवायला एक ओळ पुरते. कार्यक्रमाच्या पानावर परवाना संपण्याची तारीख महिनाभर आधी लिहायलाही तेवढीच.

ती ओळ येईपर्यंत तक्रार करताना कस्टमर केअरला पळवाट ठेवू नये. उपकरणाचं मॉडेल, अ‍ॅपची आवृत्ती, कार्यक्रमाचं नाव आणि भाग, वेळ, एरर कोड असेल तर तो, दोन्ही स्पीड टेस्ट, आणि ‘थेट टीव्हीला जोडून, लॅनवर, दुसऱ्या प्रोफाइलने बघितलं’ ही नोंद. सगळं एकाच मेसेजमध्ये, चॅटवर, म्हणजे त्याची प्रत राहते. आणि शेवटी एकच प्रश्न: या उपकरणावर या प्लॅनमध्ये कमाल रिझोल्यूशन किती मिळतं, हे लेखी सांगा. उत्तर ७२० आलं तर त्याच चॅटमध्ये खालचा प्लॅन मागून घ्या.