दोरीच्या माळेची सरकगाठ

ठुशीची मागची दोरी सरकवून ती गळ्यालगत घट्ट बसवायची किंवा थोडी सैल सोडायची, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. आईची ठुशी दर काही वर्षांनी पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून यायची आणि नव्या दोरीचा तो करकरीतपणा मला दागिन्याइतकाच आवडायचा. टेराकोटाची पदके घालून घरी माळा करू लागले, तेव्हा आकडा किंवा साखळी न लावता अशीच सरकणारी दोरी ठेवायची, हे मनात पक्के होते.

या कामात पदकापेक्षा दोरीची निवड अधिक महत्त्वाची आहे, असे माझे ठाम मत आहे. सुरुवातीला मी चमक पाहून सॅटिनची दोरी घेतली. ती इतकी गुळगुळीत होती की पदकाच्या वजनाने गाठ आपोआप सरकत गेली आणि माळ पोटापर्यंत लोंबू लागली. साध्या सुती दोरीवर उलट गाठ रुतून बसते. मेण लावलेली, एक ते दीड मिलिमीटर जाडीची सुती दोरी मात्र गाठीला धरूनही ठेवते आणि ओढल्यावर सरकूही देते.

मी साधारण ९० सेंटिमीटर दोरी कापते. दोन गाठींसाठी जवळजवळ २० सेंटिमीटर दोरी खर्ची पडते, त्यामुळे गाठी एकमेकींना भिडल्या की माळेचा घेर ७० सेंटिमीटरच्या आसपास राहतो आणि ती डोक्यावरून सहज घालता येते. गाठी एकमेकींपासून २५ सेंटिमीटर दूर ओढल्या की घेर ४५ वर येतो, म्हणजे पदक गळ्याजवळ बसते.

पदक ओवून झाल्यावर दोरीची दोन्ही टोके विरुद्ध दिशांना तोंड करून शेजारी-शेजारी ठेवावीत. मग एक टोक मागे वळवून, शेजारच्या पदराभोवती आणि स्वतःच्या पदराभोवती मिळून त्याचे तीन वेढे घ्यावेत आणि ते टोक त्याच वेढ्यांच्या पोटातून बाहेर काढावे. वेढे घेताना आत विणकामाची एक सुई धरली, तर टोक जाण्यापुरती वाट मोकळी राहते. गाठ एकदम आवळू नये. आधी नखाने वेढे एकमेकांना चिकटवत आणावेत, ते नीट ओळीत बसले की मगच टोक ओढावे. एक वेढा दुसऱ्यावर चढला, तर ती गाठ पुढे कायम अडखळते, म्हणून ती सोडून पुन्हा बांधलेली बरी. दुसऱ्या टोकाची गाठ पहिल्या पदरावर अशीच बांधावी.

टोके पक्की करण्यासाठी मी पारदर्शक नेलपॉलिशचा अगदी बारीक थेंब वापरते. तो फक्त कापलेल्या टोकाला लागला पाहिजे. एकदा तो गाठीच्या आतून ओघळून सरकणाऱ्या पदरापर्यंत गेला, रात्रभरात वाळला आणि ती गाठ कायमची जाम झाली. मैत्रिणीसाठी केलेली ती माळ मला कात्रीने कापावी लागली. लहान मुलांसाठी मात्र मी अशी माळ करत नाही, कारण ओढली गेली तर ती गळ्याभोवती आवळली जाऊ शकते.

तयार झालेली माळ मी एक रात्र पदकासकट खिळ्याला टांगून ठेवते. नव्या दोरीला जो ताण बसायचा तो त्या रात्रीत बसतो, सकाळी गाठी पुन्हा एकदा आवळून घेता येतात आणि उरलेली टोके त्यानंतरच कापते.